हायवेवरच गाडी तापते? दोष कसा शोधायचा

शहरात सिग्नलवर, रांगेत, मुंगीच्या पावलांनी सरकताना टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही. हायवेला लागून वीस-पंचवीस मिनिटं ताशी शंभरचा वेग धरला की तोच काटा वर चढायला लागतो. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की बऱ्याचदा पहिला हात पंख्याला जातो. मोटर बदलतात, रिले बदलतात, बिल होतं आणि पुढच्या लांबच्या प्रवासात गाडी पुन्हा तापते. कारण या तक्रारीत पंखा क्वचितच दोषी असतो.

गाडी पन्नास-साठच्या पुढे गेली की समोरून घुसणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पंखा चालू असला काय आणि बंद असला काय. त्यामुळे सुरुवातीलाच एक विभागणी करून टाका. ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतल्यावर थंड होते, तर पंखा, त्याचा रिले, त्याचा सेन्सर बघा. ट्रॅफिकमध्ये ठीक आणि वेगात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा फिरलेल्या पाण्यातली उष्णता हवेत जात नाही, किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. पुढचं सगळं या दुसऱ्या तक्रारीबद्दल आहे. उदाहरण म्हणून आपल्याकडची नेहमीची पेट्रोल कार डोळ्यांसमोर ठेवली आहे. डिझेल आणि सीएनजीचा जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

दोष जुना, उघडा पडतो हायवेवर

इंधनातून निघणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांपर्यंत जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली कूलंटला, म्हणजे इंजिनात फिरून त्याला गार ठेवणाऱ्या द्रवाला (पुढे यालाच पाणीही म्हटलं आहे), वाहून न्यावी लागते. आता वेग वाढवा. हवेचा विरोध तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर ती जवळजवळ दुप्पट होते, ८० वरून १२० वर गेलात तर जवळपास ३.४ पट. चाकांचं घर्षण यात धरलेलं नाही, तरी इंजिनवरचा भार कसा उडी घेतो ते यावरून कळतं. भार वाढला की त्याच्यासोबत उष्णताही वाढते.

दुसरी बाजू हवेची. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. मे महिन्यात विदर्भात हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ५० वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच वेग, पण क्षमता सुमारे तीस टक्क्यांनी कमी. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर सपाट भागात हलक्या वाहनांना ताशी १२० पर्यंत मुभा आहे. भर उन्हाळ्यात, पाच माणसं, भरलेली डिकी आणि चालू एसी घेऊन तो वेग तासभर धरणं ही कूलिंग सिस्टीमची सगळ्यात कठीण परीक्षा आहे. शहरात चाळीस टक्के चोंदलेला रेडिएटरही निभावून नेतो. इथे नाही. म्हणून "काल-परवापर्यंत गाडी ठणठणीत होती" या वाक्यावर विसंबू नका. दोष बहुधा वर्ष-दोन वर्षं मुरत आलेला असतो.

काटा चढताना दिसला तर, तिथल्या तिथे

पहिलं काम, एसी बंद. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो आणि आपली गरम हवा थेट त्याच्यावर सोडतो. शिवाय कॉम्प्रेसरचा भार इंजिनवर असतो. अनेक गाड्यांत इंजिन तापायला लागलं की कंट्रोल युनिट स्वतःच कॉम्प्रेसर तोडतं. त्यामुळे एसी अचानक गरम वारा द्यायला लागला तर गॅस संपला असं समजण्याआधी काट्याकडे बघा.

दुसरं, काचा खाली करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. उन्हाळ्यात नकोसं होतं, पण हीटर कोअर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि अडचणीत तो खरोखर मदत करतो. तिसरं, पाय सैल सोडा आणि वेग सत्तर-ऐंशीवर आणा. काटा खाली आला तर तशाच वेगात पुढच्या पंपापर्यंत किंवा विश्रांतीच्या जागेपर्यंत जा.

हीटर लावल्यावर त्यातून काय येतं ते नीट लक्षात ठेवा. काटा वर आणि हीटरमधून गार हवा, याचा अर्थ कूलंट तिथपर्यंत पोचतच नाही. ते सांडलंय, आत हवा अडकलीय किंवा पंप फिरत नाही. अशा वेळी एक किलोमीटरही पुढे जाऊ नका. चढलेला काटा एकदम शून्याकडे पडला तर हायसं वाटतं, पण तेही वाईटच लक्षण आहे. सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला की असं होतं.

काटा लाल पट्टीत गेला, लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ दिसली तर डावीकडे घेऊन थांबा आणि इंजिन बंद करा. हॅझार्ड दिवे लावा, सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा, त्रिकोण मागे बराच लांब ठेवा. वेगवान रस्त्यावर बंद गाडीत बसून राहणं तापलेल्या इंजिनापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते, आणीबाणीत ११२ आहेच.

यानंतर किमान पाऊण तास काही करू नका. झाकण उघडायची घाई सगळ्यात जास्त माणसं भाजवते. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे द्रव राहिलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज पाइप हातात आरामात धरता आला आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच जाड फडक्याने झाकण पहिल्या खाचेपर्यंत सैल करा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नका. तापलेल्या हेडमध्ये (सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागात) एकदम गार पाणी भरलं तरी ॲल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर पाणी थोडं थोडं घाला. कूलंट जवळ नसेल तर अशा वेळी पिण्याचं पाणी चालतं, फक्त नंतर सिस्टीम धुऊन योग्य कूलंट भरायचं आहे हे विसरू नका.

गळतीवर हळद टाकण्याचा जुना उपाय ट्रकवाल्यांकडून ऐकलेला असतो. गळती तात्पुरती थांबते, पण तोच गाळ रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. बाजारातल्या स्टॉप-लीक पावडरीचंही तेच. गावाबाहेर, रात्री, दुसरा इलाज नसताना वापरलीत तर समजण्यासारखं आहे. एरवी हात लावू नका.

थांबला आहात तोवर मोबाइलवर पाच गोष्टी टिपून ठेवा: वेग किती होता, एसी चालू होता का, सपाटीवर तापली की चढावर, हीटरमधून गरम हवा येत होती का, गाडीखाली ओल कुठे आहे. गॅरेजमध्ये या टिपणाचा उपयोग कुठल्याही मशीनपेक्षा जास्त होतो.

आधी तापमान खरं आहे का ते बघा

डॅशबोर्डवरचा काटा पूर्ण खरं बोलत नाही. अनेक गाड्यांत तो साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, म्हणजे मालक विनाकारण घाबरू नये. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. तेव्हा ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ ॲडॅप्टर घ्या. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो, मोबाइलच्या ॲपवर कूलंटचं नेमकं तापमान दिसतं. पोर्ट स्टिअरिंगच्या खाली असतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास सगळ्या गाड्यांत हे चालतं.

तब्येतीने ठीक असलेली बहुतेक इंजिनं हायवेवर ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान स्थिर राहतात. ११० च्या पुढे सरकत राहिली तर दोष खरा आहे. ॲपवर ९२ आणि डॅशवर काटा वर, असं असेल तर घोटाळा मीटरचा किंवा वायरिंगचा. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर काटा चढतो आणि बंद केल्यावर उतरतो, तर अर्थिंग सैल आहे.

थंड इंजिनवर, फुकटातल्या तपासण्या

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना सुरुवात करा. रेडिएटरचं झाकण किंवा एक्सपान्शन टाकी उघडा. पाणी कमी असेल तर ते गेलं कुठे, हा पहिला प्रश्न. होजच्या जोडांवर, पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेला वाळलेले पांढरे, हिरवे किंवा गुलाबी ओघळ शोधा. पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओलसर आणि काचेवर चिकट वाफ असेल तर हीटर कोअर गळतोय.

सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर तिथे आवर्जून बघा. गॅसचा दाब कमी करणारा रेड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनचं गरम पाणी दिलेलं असतं आणि त्यासाठी हीटरचा होज कापून मध्ये टी-जोड घातलेले असतात. ते जोड हलक्या प्लॅस्टिकचे असतील किंवा क्लिप सैल असेल, तर थेंब-थेंब पाणी जातं आणि त्या जागी हवा शिरते. गाडी उभी असताना थेंबही दिसत नाही. दाब वाढला की मग गळती सुरू होते.

आता झाकण. काही शे रुपयांची ही वस्तू आहे आणि हायवेवर तापण्याच्या कारणांत तिचा नंबर बराच वर लागतो. ती दाब धरते, म्हणून पाणी उशिरा उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं. एक बारचा दाब धरला तर तेच १२५ च्या पुढे जातं. झाकणाची रबर सील फुगलेली, चिरलेली किंवा स्प्रिंग ढिली असेल तर हा सगळा राखीव पल्ला हातातून जातो. मग हेडमधल्या सगळ्यात गरम जागी बुडबुडे धरतात, आणि बुडबुड्यांना उष्णता वाहून नेता येत नाही. गॅरेजमध्ये हातपंपाचा टेस्टर असतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ बार असा जो आकडा छापला असेल, तेवढा दाब ते धरतं का बघून घ्या. नवीन घेताना तोच आकडा असलेलं घ्या. जास्त दाबाचं झाकण लावून दोष झाकू नका, तो भार होज आणि टाकीवर येतो.

हवेची वाट

या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि हायवेवर तो सगळ्यात जास्त मोजतो. टॉर्च घेऊन ग्रिलमधून आत बघा. समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागे आहे. पुढून कंडेन्सर चकचकीत दिसतो आणि दोघांच्या मधल्या बोटभर फटीत धूळ, किडे, कापसाचं बोंड, सुकलेला चिखल यांची गोधडी बसलेली असते. शेतरस्त्यांवरून किंवा कापसाच्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातून फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं. वरचा ब्रॅकेट सोडून रेडिएटर थोडा मागे ओढावा लागतो, तासाभराचं काम. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारू नका. पातळ पाती आडवी होतात आणि वारा कायमचा अडतो.

मग रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना आणि खाली बघा. तिथे प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि फोमच्या कडा असतात. बंपरमधून आलेला वारा इकडेतिकडे न पळता रेडिएटरमधूनच जावा म्हणून कंपनीने त्या दिलेल्या असतात. इंजिनखालचं कव्हरही नुसतं चिखल अडवायला नसतं. त्याच्यामुळे इंजिनखाली दाब कमी राहतो आणि गरम हवा खालून ओढली जाते. बंपरला किरकोळ ठोकर बसून काम झालं असेल, तर हे तुकडे परत बसवलेच जात नाहीत. शहरात पंखा हवा ओढतोच, त्यामुळे काही कळत नाही. वेगात मात्र वारा सोपी वाट धरतो आणि रेडिएटरला वळसा घालून निघून जातो. बंपरच्या कामानंतर महिन्या-दोन महिन्यांत गाडी हायवेला तापायला लागली असेल, तर मी सगळ्यात आधी इथेच बघेन.

ग्रिलसमोर जाड लोखंडी गार्ड, मोठी नंबरप्लेट, जादा दिव्यांची रांग असेल तर काढा. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलं आहे, ते पादचाऱ्यांच्या जिवासाठी. रेडिएटरलाही ते नकोच आहेत.

पंख्याचीही एक तपासणी करून घ्या, कारण हायवेवर त्याचा दोष असण्याची एकच खास शक्यता आहे. दुरुस्तीत मोटरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो, हवा पुढे ढकलतो आणि समोरच्या वाऱ्याशी झुंजत बसतो. पंखा चालू असताना ग्रिलजवळ कागद धरा. तो आत ओढला गेला पाहिजे.

पाण्याची वाट: होज, थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंप

खालचा होज रेडिएटरकडून पंपाकडे जातो, म्हणजे पंप त्याच्यातून पाणी ओढतो. इंजिन जोरात फिरलं की ओढ वाढते. होजचं रबर मऊ पडलेलं असेल, किंवा काही गाड्यांत आत असते ती स्प्रिंग गंजून गेली असेल, तर तो चिपाड होतो आणि पाणी तिथेच अडतं. तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन पूर्ण तापलेलं. एकाने बॉनेट उघडून बाजूला उभं राहावं, दुसऱ्याने तीन हजार आरपीएमपर्यंत न्यावं. हात, ओढणी, सैल बाही बेल्ट आणि पंख्यापासून लांब. होज दबताना डोळ्यांना दिसतो. इंजिन बंद होऊन गार पडताना होज चपटा होत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, त्यात झाकणाचा परतीचा व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह. त्याच्याबद्दल आपल्याकडे एक सल्ला सर्रास दिला जातो: "वॉल्व्ह काढून टाका, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" कृपया ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच गरगर फिरतो, आणि ज्यासाठी काढला तेच वाढतं. उरलेल्या इंजिनांत गाडी कायम गार चालते, कंट्रोल युनिट जास्त इंधन देत राहतं, ॲव्हरेज पडतं आणि सिलिंडर झिजतात.

संशय असेल तर काढून पातेल्यात उकळून बघा. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याला दोरीने पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्या आकड्याच्या आसपास उघडायला सुरुवात व्हावी आणि दहा-पंधरा अंश पुढे तो पूर्ण उघडलेला असावा. अर्ध्यावरच अडकणारा थर्मोस्टॅट हा हायवेच्या तक्रारीतला ठरलेला गुन्हेगार आहे. शहरापुरतं अर्धं दार पुरतं. परत बसवताना नवं गॅस्केट वापरा, आणि त्यावर हवा सुटायचा बारीक जिगल पिन असेल तर तो वरच्या बाजूला ठेवा.

रेडिएटर आतून चोंदलाय का, हे बाहेरून दिसत नाही. महाराष्ट्राचा बराच भाग बोअरच्या जड पाण्यावर जगतो. बंबाच्या आत जो पांढरा थर धरतो, तोच वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. थर कागदाएवढा असला तरी उष्णता अडवतो, आणि नळ्या मुळातच इतक्या अरुंद असतात की त्यांना बंद व्हायला फार लागत नाही. साध्या पाण्यात गंज रोखणारी द्रव्यंही नसतात, म्हणून ॲल्युमिनियम झिजतं आणि तो गाळही तिथेच येऊन बसतो.

तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमध्ये पाणी जिथून शिरतं तिथलं आणि जिथून निघतं तिथलं तापमान घ्या. चमकत्या धातूवर हे यंत्र चुकीचं वाचतं, म्हणून तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. मग जिथे जिथे जाळी दिसते तिथे फिरवत जा. तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. आत-बाहेर फरक फारच मोठा असेल तर पाणी रेंगाळतंय, म्हणजे नळ्या, थर्मोस्टॅट किंवा पंप. फरक नाममात्र आणि तापमान चढतंच, तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता घेत नाही. तसं असेल तर हवेच्या वाटेची तपासणी पुन्हा करा.

जुने पितळ-तांब्याचे रेडिएटर खोलून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करता यायचं. आजचे ॲल्युमिनियमचे गाभे आणि प्लॅस्टिकच्या टाक्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. थोडा गाळ असेल तर कंपनीने सांगितलेल्या क्लीनरने फ्लश करा आणि शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने. कॉस्टिक किंवा तेजाब घालून साफ करून देणाऱ्याकडे ॲल्युमिनियमचा रेडिएटर देऊ नका. गार पट्टे बरेच सापडले तर नवीनच घ्या, डागडुजीचे पैसे वाया जातात.

वॉटर पंप, ज्याला काही मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात, तो बाहेरून कोरडा असूनही आतून निकामी असू शकतो. गंजाने पात्यांची टोकं खाल्ली जातात. प्लॅस्टिकचा इंपेलर (पात्यांचं चाक) असेल तर तो शाफ्टवरच सुटून फिरतो. कमी वेगात थोडंफार पाणी ढकलतो, जास्त वेगात जागच्या जागी घुसळतो. होज, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठीक निघाले, तर पंप काढून पाती डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर बेल्ट आणि टेन्शनर त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच लागते. बाहेरच्या बेल्टवर असेल तर तो बेल्ट चकाकलेला किंवा ढिला नाही ना ते बघा.

हेड गॅस्केट

हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, म्हणून तो नीट तपासूनच उच्चारावा. हेड आणि त्याखालचं इंजिन यांच्या मधली ही सील, म्हणजे गॅस्केट, जराशी फुटलेली असेल तर आरामात चालवताना काही होत नाही. पाय दाबून वेग धरला की सिलिंडरमधला दाब वाढतो, जळालेला वायू त्या फटीतून पाण्याच्या जागेत घुसतो, पाणी ढकलून टाकीतून बाहेर उडवतो आणि आत हवेची पोकळी करतो. गाडी "पाणी पिते" पण कुठे गळत नाही, असं असेल तर संशय घ्या.

खुणा अशा: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक होतो. टाकीत सतत बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि तो इंजिन तापल्यावरही थांबत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसतो, पण पावसाळ्यात फक्त जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीत थोडा फेस नुसत्या दमटपणानेही येतो, त्यावरून निकाल देऊ नका. पक्कं करायचं तर रासायनिक चाचणी मागा. टाकीवरची हवा निळ्या द्रवातून ओढतात, त्यात जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. "हेड उतरवावं लागेल" असं कुणी सांगितलं तर हेड उतरवण्याआधी ही चाचणी करून दाखवायला सांगा. उतरवलंच तर हेड सरळ आहे का ते पट्टी लावून मोजणं आणि गरज असेल तर फेसिंग करणं, म्हणजे घासून सपाट करणं, आलंच. वाकलेल्या हेडवर नवी गॅस्केट फार काळ टिकत नाही.

कूलिंगचं सगळं ठीक असूनही गाडी तापत असेल तर भार कुठून येतोय ते बघा. वीस किलोमीटर चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एक फार गरम असेल तर ब्रेक चिकटतोय. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतो आणि वेग वाढत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) चोंदला असेल तर गाडी वर खेचतच नाही आणि उष्णता आतच कोंडते. इंधन फिल्टर किंवा पंप कमजोर असेल तर पेट्रोल गाडीत भाराखाली मिश्रण पातळ होऊन ज्वलन जास्त तापतं. डिझेलमध्ये ही शेवटची शक्यता लागू नाही, तिथे इंटरकूलरची (टर्बोतून येणारी हवा गार करणाऱ्या भागाची) जाळी रेडिएटरसोबतच साफ करा.

भरणं, हवा काढणं आणि खात्री करणं

दोष सापडून दुरुस्ती झाली, तरी आत हवा राहिली तर गाडी पुन्हा तापेल आणि सगळं काम फुकट गेल्यासारखं वाटेल. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकाराचंच कूलंट घ्या. हिरवं-गुलाबी या रंगावरून प्रकार ठरत नाही, आणि वेगळ्या प्रकारची कूलंटं मिसळली तर गंजरोधक द्रव्यं कमजोर पडतात, कधी गाळही बसतो. तयार मिसळलेलं नसेल तर डिस्टिल्ड वॉटरने निम्मं-निम्मं करा. नुसतं घट्ट कूलंट भरणं हाही अपाय आहे, पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही.

गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मंद. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून सलग धार येईपर्यंत भरा. इंजिन थंड असतानाच झाकण उघडं ठेवून सुरू करा, बुडबुडे निघतील तसं भरत राहा, आणि पातळी स्थिरावून पाणी फुगायला लागलं की झाकण लावा. मग पंखा दोनदा आपोआप चालू-बंद होऊ द्या. हीटरमधून सारखी गरम हवा आली पाहिजे. रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पातळी पुन्हा बघा, बहुधा थोडी उतरलेली असते.

चाचणी लांबच्या प्रवासात घेऊ नका. घराजवळच्या हायवेवर दुपारी जा, ओबीडीचं ॲप शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात द्या. ऐंशीवर दहा मिनिटं, मग शंभरवर वीस मिनिटं, आधी एसी बंद ठेवून आणि मग चालू करून. प्रत्येक टप्प्यावरचं तापमान लिहून घ्या. एसी लावल्यावर चार-पाच अंश वाढून स्थिरावलं तर काम झालं. शंभरवर आकडा दर काही मिनिटांनी एकेक अंशाने चढतच राहिला, तर तो ११० ला पोचायची वाट न बघता परत फिरा आणि इन्फ्रारेडचे आकडे नव्याने घ्या.